उसवण

गॅरेजमध्ये गाडी नाही.
गाडी बाहेर बर्फ खात उभी असते,
आणि आत, तिच्या तेलाच्या जुन्या डागावर,
माझं टेबल.

समोरच्या भिंतीला फ्लॅनेल ताणलंय.
नोव्हेंबरपासून त्यावर
फंडीच्या उपसागराची ओहोटी टाचण्यांनी टांगलेली:
सहा फूट बाय चार,
अजून अस्तर नाही, नाव नाही.

तपकिरी रंग दुकानात मिळत नाही. म्हणजे मिळतो,
पण तो चॉकलेटचा असतो, नाहीतर सोफ्याचा.
गाळाचा तपकिरी मी बादलीत लावते,
विरजण लावावं तसा:
गंजके खिळे, व्हिनेगर, फाटक्या चादरी,
वर झाकण, आणि आठवडाभर बघायचं नाही.
मी तिसऱ्या दिवशीच बघते.

पाणी ऑर्गंझाचं.
भाचीच्या लग्नातून उरलेला, तिचं लग्न मात्र उरलं नाही.
फेसाला चीज गाळायचं विरलेलं फडकं.
तुतवारांसाठी गाठी मारून पाहिल्या,
चारशे बारा मारल्या, मग मागे सरकून पाहिलं
तर साबुदाणा सांडल्यासारखा दिसला.
सगळ्या कापल्या.
ऑगस्टमध्ये ते पक्षी येतात तेव्हा
वळले की पांढरे, वळले की नाहीत.
नाहीत, हे कुठल्या टाक्यानं काढायचं?

जानेवारीत क्लोव्हिस आला, जाकिटाची चेन घेऊन.
पंचेचाळीस वर्षं त्या गाळात शिंपले खणतोय,
बूट दाराशी काढले, मोज्यांतून अंगठे बाहेर.
इस्त्रीच्या वाफेत उभा राहून
त्यानं माझा समुद्र पाहिला.
बराच वेळ पाहिला.
मग म्हणाला,
"पाणी असं जात नाही, ऑरोर."

माझ्या हातात कात्री होती, हे त्यानं लक्षात घ्यायला हवं होतं.

"तू ते मागं मागं नेलंयस, पडदा सरकवल्यासारखं.
ते खालून जातं. आधी गाळ घामेजतो,
मग बारीक शिरा फुटतात,
मग एक मोठी शीर सगळ्यांना ओढून नेते."
आणि काचेवर साचलेल्या वाफेत
जाड्या बोटानं त्यानं काढून दाखवलं:
माशाचा काटा,
किंवा झाड, आडवं पडलेलं.
काच पुसली गेली तेव्हा तो गेलेला होता.

तीन आठवड्यांची शिवण होती ती.
दोन दिवस मी त्याच्या चेनीला हात लावला नाही.
तिसऱ्या रात्री उसवायला बसले.

उसवणं शिवण्यापेक्षा हळू असतं.
टाका उचलायचा, कापायचा, चार टाके सोडून पुन्हा;
दोरा निघतो, कापड काही बोलत नाही.
पण ऑर्गंझा विसरत नाही.
सुई जिथं जिथं गेली तिथं
भोक राहिलं, रांगेनं, ओळीनं,
पाण्याचा हात फिरवला, वाफ दिली, नखानं घासलं,
भोकं तशीच.

वाया गेलं, म्हणून दिव्यासमोर धरलं
आणि थांबले.

ओल्या गाळावर, पाणी निघून गेल्या गेल्या,
चोची टोचत टोचत कुणी धावून गेलंय,
इकडून तिकडे, भुकेनं, घाईनं,
आणि उडून गेलंय.
एकही पक्षी नव्हता.
सगळे होते.

मी हललेसुद्धा नाही, हात हलला तर
दिवा हलेल म्हणून.

आता खाली शिरा शिवतेय, गंजाच्या दोऱ्यानं,
त्यानं काढल्या तशा, थोड्या माझ्या मनानं.
भोकांना हात लावत नाही.

काल क्लोव्हिस पुन्हा आला. भिंतीकडे पाहिलं,
दिव्याकडे पाहिलं, नाक ओढलं.
"झाली का चेन?"
झाली होती. दोनदा वरखाली करून बघितली त्यानं,
हनुवटीपर्यंत ओढली
आणि जाताना दारात
बूट घालायला नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ लावला.